किल्लीचं पार्सल

हरवलेल्या पार्सलाचा माग कसा काढावा, आणि ते सापडलंच नाही तर कंपनीच्या घशातून भरपाई कशी बाहेर काढावी, या विषयात आमच्या साडभाऊंचा हात धरणारा माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात नाही. हे मी अगदी नाइलाजानं लिहितो आहे, कारण साडूची स्तुती करावी असं कुठल्याही शास्त्रात सांगितलेलं नाही. साडभाऊ म्हणजे आमच्या सौभाग्यवतींच्या थोरल्या बहिणीचे यजमान. एकाच घरच्या दोन जावयांची तुलना व्हायचीच, आणि आमच्या सासुरवाडीत ती लग्नापासून आजतागायत माझ्या विरोधातच होत आली आहे. "भाऊजींचं पाहा जरा," या वाक्यानं सुरू झालेला दिवस मला कधी चांगला गेलेला नाही.

साडभाऊ कामरगावला राहतात. खिळे, बिजागऱ्या, कडीकोयंडे यांचं त्यांचं दुकान आहे, पण ते नावालाच. त्यांचा खरा जीव जुन्या कुलपांत. पंचक्रोशीत कुठे जुनं घर किंवा कापसाचं गोदाम पडणार असलं, की हे तिथे हजर. घरातली माणसं भिंतीकडे पाहून डोळे पुसत असतात आणि हे दाराची कडी न्याहाळत असतात. पितळी कुलपं, हातभर किल्लीची लोखंडी कुलपं, कळ दाबल्याशिवाय किल्लीचं भोकच न दिसणारी कुलपं, सावकाराच्या पेटीची कुलपं, असं सगळं त्यांनी जमवलं आणि पुढे कुणीतरी शिकवल्यावर मोबाइलवरून विकायलाही लागले. पुण्याबंगळूरची शहाणीसुरती माणसं चांगली किंमत देऊन गंजकं कुलूप घेतात, हे मला अजूनही पटलेलं नाही. गंमत म्हणजे साडभाऊ स्वतःच्या घराला कधी कुलूप लावत नाहीत. "कुलूप लावलं का लोकायले वाटते, घरात काही हाये," असं त्यांचं म्हणणं.

पार्सल बांधणं हा त्यांच्याकडे एक सोहळाच असतो. अंगणात टेबल मांडायचं, धुतलेला सदरा घालायचा, टोपी नीट करायची आणि बाईंना, म्हणजे आपल्या बायकोला, मोबाइल धरून समोर उभं करायचं. मग कुलूप चारही बाजूंनी मोबाइलला दाखवत हे बोलू लागतात: "मी, राहणार कामरगाव, देवाशपथ सांगतो का हे कुलूप तुमच्या डोयादेखत या डब्ब्यात ठेवून राह्यलो." एकदा हे सगळं रंगात आलेलं असताना एक कोंबडी टेबलाखालून गेली. साडभाऊंनी बांधलेलं पार्सल सोडलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. का, तर उद्या कंपनी म्हणेल, कोंबडीनं नेलं. एवढं करून कुलूप आणि किल्ली कधी एका पार्सलात घालायची नाहीत. दोन डबे, दोन दिवशी रवाना. चोरानं एक पळवलं तरी त्याच्या हाती काही लागू नये! पार्सल टाकायला ते जीपनं आमच्या कारंजाला येतात, डबा मांडीवर घेऊन. वाटेत आमच्याकडे चहा. आमच्या बैठकीत एकच खुर्ची धड आहे. तिच्यावर पार्सल बसतं आणि मी उभा राहतो.

पार्सल हरवलं की साडभाऊंच्या अंगात वकील संचारतो. आधी गिऱ्हाइकाचे पैसे परत. "भांडण माह्यं अन् कंपनीचं हाये, त्याच्या जिवाले घोर कायले?" मग कंपनीला फोन. पलीकडची मुलगी पाठ केलेलं बोलायला लागते, तोच हे विचारतात, "जेवली काय वो बाई?" ती बिचारी गडबडते. एका मुलीनं तर आपल्या वडिलांचं दुखणं यांना सांगितलं, आणि पुढच्या फोनला हे क्लेमचं विसरून आधी त्या वडिलांच्या गुडघ्याची चौकशी करत बसले. एकदा कंपनीनं कुलपाच्या खरेदीचं बिल मागितलं. साडभाऊंनी कळवलं, "सदर कुलूप ज्या दुकानदाराने विकले तो दुकानदार व त्या वेळचे इंग्रज सरकार, दोघेही आता हयात नाहीत. बिल कोणाकडे मागावे, कळवावे." भरपाई आली. मला वाटतं, कंपनीत कुणीतरी हसलं असावं.

हे नाव असं पसरलं की मेडशी-किन्हीराजाहून माणसं आपापलं हरवलेलं घेऊन त्यांच्याकडे यायला लागली. कुणाची साडी, कुणाचा फवारणीचा पंप. साडभाऊंचा पहिला प्रश्न ठरलेला: "पाठवणारा कोण?" कारण क्लेम पाठवणाऱ्यालाच करता येतो, त्याच्याच पावतीवर. "घेणाऱ्याले काहीच अधिकार नाही. त्यानं फक्त वाट पाहाची," असं ते समजावून सांगत. आणि वर दम देत, "पोचलं असं चुकूनही तोंडातून काढू नका. घेणारा एकदा पोचलं म्हणला, का केस खलास."

आता मला जे खरं सांगायचं आहे त्याच्याकडे येतो. साडभाऊंना एक थोरला भाऊ होता. दादा. दोघांची वाटणी झाली तेव्हा शेत, घर, भांडी सगळं सुरळीत वाटलं गेलं आणि धान्याच्या कोठीच्या पितळी कुलपावर येऊन अडलं. वडील रोज सकाळी स्वतःच्या हातानं ते कुलूप उघडायचे, म्हणून ते दोघांनाही हवं होतं. पंच कंटाळले. त्यांनी धाकट्याला कुलूप दिलं आणि थोरल्याला किल्ली. आठ दिवसांत दोघं भानावर येतील, असा त्यांचा हिशोब. पंचांना हे दोघे भाऊ कळलेच नव्हते. दादा मुलाकडे नाशिकला निघून गेले, किल्ली घेऊन. बोलणं बंद झालं ते झालंच. नात्यातल्या लग्नांत दोघं जेवायला वेगवेगळ्या पंगतीत बसत आणि एकमेकांच्या पंगतीत कोण काय वाढतंय याकडे मात्र दोघांचंही लक्ष असे.

ते कुलूप साडभाऊंच्या फळीवर बंदच पडून होतं. तारेच्या तुकड्यानं कुठलंही कुलूप उघडणारा हा माणूस त्या एका कुलपाला कधी तार लावायला धजला नाही. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, तर म्हणाले, "ते तारेनं उघडाचं कुलूप नाही, साडभाऊ." आणि मग एक दिवस मोबाइलवर इतर कुलपांबरोबर त्याचाही फोटो झळकला. खाली लिहिलेलं, 'विकणे नाही. किल्ली नाही.' जे विकायचं नाही ते बाजारात कशाला मांडायचं, असं मी विचारलं, तर ते दुसऱ्याच एका कुलपाला तेल पाजत बसले. आमच्या सौभाग्यवतींचं मत असं, की तो फोटो एकाच माणसानं पाहावा म्हणून टाकला होता. आणि त्याच माणसानं तो पाहिला. दादांच्या नातीला तो दिसला आणि तिनं आजोबांना दाखवला.

फोन आला तेव्हा साडभाऊ आमच्याकडे चहा पीत होते. "दादा?" म्हणाले आणि उठून उभे राहिले. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांच्या फोनवरचं सगळं खोलीभर ऐकू जातं. पलीकडून आवाज आला, "कुलूप जपलं तू."

"हो, दादा."

"किल्ली पार्सल करून राह्यलो आज."

"बरं, दादा."

एवढंच. फोन बंद झाल्यावरही साडभाऊ उभेच होते. चहावर साय धरली तरी त्यांना बसायचं सुचलं नाही.

किल्ली आली नाही. आठवडा गेला, महिना उलटला. ज्या माणसानं जिल्हाभराची पार्सलं शोधली, त्याच्या स्वतःच्या घरी येणारं पार्सल कुठे आहे ते त्याला ठाऊक नव्हतं, कारण पावती दादांकडे होती. मी म्हटलं, "अहो, फोन करा, पावतीचा नंबर मागा." ते माझ्याकडे पाहतच राहिले. "सख्ख्या भावाले पावती मागू? पावती मागनं म्हणजे तू पाठवली का नाही पाठवली, असं इचारनं झालं." बाई तर एकदा जेवताना बोलूनच गेल्या, "पाठवलीच नसन त्यायनं. तुमची मजा घेतली." साडभाऊ ताटावरून उठले. त्यांच्या मनातही तेच डाचत होतं, मला दिसत होतं. दादांनी खरंच पाठवली, की इतक्या वर्षांनी फोन करून एक टोला हाणला? एका नंबरनं सगळा उलगडा झाला असता. मी स्वतः नाशिकला विचारतो म्हटलं, तर त्यांनी माझ्या मुलांची शपथ घातली.

मग दादांचा दुसरा फोन आला. या खेपेस आधी पुतण्या बोलला. बाबांना बरं नाही म्हणाला, अंथरुणावरच आहेत. मी तेव्हा कामरगावला साडभाऊंच्या समोरच बसलो होतो. दादांचा आवाज अगदी उतरला होता.

"पोचली काय रे किल्ली?"

साडभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, सांगा म्हणून. सांगा, की नाही पोचली, नंबर द्या.

"पोचली ना, दादा," साडभाऊ म्हणाले.

"लागली?"

"लागली. तेल पाजाचंही काम नाही पडलं."

"बाबा डावीकडून फिरवत."

"डावीकडूनच फिरवली, दादा."

 मग दादा म्हणाले, "बरं झालं. मले वाटे, तू घेतो का नाही घेत." आणि फोन ठेवला गेला.

मला राग आला, खरं सांगतो. "जगाला सांगता, पोचलं म्हणू नका, आणि स्वतः? आता कोणत्या तोंडानं विचारणार?" असं मी तावातावानं बोललो. साडभाऊ टोपीनं डोळे पुसत म्हणाले, "बिमार माणूस हाये तो. हारपली म्हणू त्याले?" 

दादा त्यातून उठले नाहीत. तेरवीला आम्ही दोघं नाशिकला गेलो. पुतण्या भला माणूस आहे. जेवणं झाल्यावर तो काकांजवळ येऊन बसला आणि आपणहून सांगायला लागला, "काका, बाबा स्वतः चालत गेले होते पार्सल द्यायला. मी नेतो म्हटलं, तर माझ्या हातातसुद्धा दिलं नाही. आणि तुम्ही पोचली म्हणालात ना, त्या दिवशी कितीतरी दिवसांनी त्यांनी भूक लागली म्हणून भात मागितला." साडभाऊ सतरंजीकडे पाहत राहिले. दादांनी किल्ली पाठवली होती. हे ऐकायलाच जणू त्यांनी इतके महिने काढले होते, आणि ऐकलं ते दादांच्या तेरवीला. मला वाटलं, आता हे रडतील आणि सगळं सांगून मोकळे होतील.

तेवढ्यात पुतण्या म्हणाला, "काका, एक मागू? ती किल्ली मला द्याल? बाबांनी इतकी वर्षं उशाशी ठेवलेली ती एकच वस्तू. कुलूप तुम्हालाच राहू द्या."

साडभाऊंनी सतरंजीची एक सुटलेली दशी उपटली. मग मान खाली घालून म्हणाले, "नाही देत, बापू. कुलपाची हाये ते. कुलपासंगंच राहू दे."

पुतण्याचा चेहरा पडला. "ठीक आहे, काका," म्हणून तो उठला. त्याची बायको पाणी घेऊन येत होती, ती तशीच आत वळली. मागे कुणीतरी मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणालं, "वाटणीतही असेच अडून बसले होते. माणूस जातो, पण हट्ट जात नाही." मी उठणार होतो. खरं काय ते सगळ्यांना ओरडून सांगणार होतो. साडभाऊंनी माझा हात असा घट्ट दाबला की मला बसावंच लागलं.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "खरं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?" ते खिडकीबाहेर पाहत होते. "दादा किल्ली पोचली समजून गेला, साडभाऊ. त्याचं पोरगंही तेच धरून बसलं हाये. मी कायले ते काढून घेऊ? मले चिकट म्हणतीन, म्हणू दे." 

साडभाऊ अजूनही पार्सल घेऊन कारंजाला येतात. आता मीही त्यांच्यासोबत पार्सलच्या ऑफिसात जातो. स्वतःचं काम आटोपलं की ते हळूच विचारतात, "कामरगावचं काही पडलेलं हाये काय वो, लहानसं?" तिथला माणूस नंबर विचारतो. नंबर नाही म्हटल्यावरही तो बिचारा मागची फळी एकदा पाहून येतो.

गेल्या महिन्यात दादांच्या त्या नातीचं लग्न ठरलं. आम्हाला नाशिकहून पत्रिका आली, टपालानं, सहकुटुंब या म्हणून. ती मी मुद्दाम लपवून ठेवली होती, पण साडभाऊ चहाला आले तेव्हा सौभाग्यवतींच्या हातून ती समोर पडली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, नातीच्या नावावरून बोट फिरवलं. त्यांना पत्रिका आली नव्हती. मी कसंबसं काहीतरी बोलायला गेलो, तर त्यांनीच मला थांबवलं.

"मलेही पाठवलीच असन," ते म्हणाले. "रस्त्यात हारपली असन कुठी."

"हो," मी म्हणालो. "हारपलीच असेल."