पाठीवरचा कोमल सूर

मागल्या साली भोरात चहाच्या टपरीपासून एसटी स्टँडपर्यंत एक बातमी कुजबुजत फिरली. अय्युबमास्तरांची गुलनाज म्हणे बाप्यांच्या पाठीचे फोटो काढते. बातमी कुणी सोडली ते विचारू नका. मी आपली फक्त पुढं पोचवली.

गुलनाज कॉम्प्युटर क्लासात शिकवते. वडील अय्युबमास्तर बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. पुढचे दात पडले आणि वाजवणं सुटलं. मग घरी बसून त्यांनी स्वतःची एक चाल बांधली. रामनवमीच्या मिरवणुकीत बँडनं ती वाजवावी आणि आपण कडेला उभं राहून ऐकावी, एवढीच त्यांची आस. अक्षर मात्र असं, की त्यांचं त्यांनाच लागेना. म्हणून लेकीनं चाल कॉम्प्युटरवर पाच रेघांच्या इंग्रजी लिपीत उतरवली. त्या लिपीत सूर कोमल घ्यायचा असला की त्याच्या डाव्या अंगाला एक बारकी खूण असते.

आता आमच्या बँडची रीत ऐका. चालताना वाजवायचा कागद पुढच्या गड्याच्या पाठीला, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी लावायचा. क्लॅरिनेटवाल्या गोरखच्या पुढं ड्रमवाला सावळाराम, म्हणजे पाठ कसली, भिंतच.

सरावात गोरख दर खेपेला एकाच जागी घसरायचा. कोमल सोडून शुद्ध सूर फुंकायचा.

"डोळं घरी ठेवून आलास व्हय रं?" मास्तर म्हणाले.

"खूणच न्हाई हितं, मास्तर."

कागद काढून पाहिला, तर खूण होती.

"मंग माज्या पाठीवर चढली की पुसती काय?" सावळाराम म्हणाला.

सगळे हसले. मास्तर नाही हसले. "ऱ्हाऊ द्या. ही चालच गाळा. चारचौघांत हसं नको."

"मिरवणूक होईस्तवर चाल माझी, अब्बा," गुलनाज म्हणाली. "तुम्ही मधी बोलायचं नाही."

कॉम्प्युटर आपल्या मतानं खूण सुराला खेटून ठेवतो. गुलनाज एकेक खूण धरून डावीकडं सरकवू लागली. जरा जास्त सरकली की ती मागच्या सुरावर जाऊन बसे. मग तिथली जागा रुंद करायची. ती केली की ओळीतला शेवटचा सूर खालच्या ओळीत पळे. बाई हटली नाही. नवा कागद छापायचा, चिमटे लावायचे, सगळ्यांना चालायला लावायचं, आणि आपण मागून मोबाईल धरून चालायचं.

शेजारच्या सगुणाबाईंना राहवेना. "अगं, सावळारामच्या बायकूनंबी येवढी पाठ बगितली नसंल."

"बघण्यासारखीच आहे, मावशी."

रामनवमीला भरगच्च गर्दीत बँड त्या जागेवर आला आणि गोरखनं कोमल सूर असा लावला की मास्तरांनी तोंडावर हात धरला. दात नसलेलं हसू ते कुणाला दाखवत नाहीत. मग शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाले, "खुणा माज्या लेकीनं बसवल्यात." पुढच्यालाही तेच सांगितलं. आता भोंगवलीचे बँडवालेसुद्धा कागद करून घ्यायला गुलनाजकडं येतात, आणि तिचं घर दाखवायला मी स्वतः पुढं होतो.

फोटो तिनं काढले होते. एकाच पाठीचे, सावळारामच्या. चालताना पाठ हलते तेव्हा खूण आणि सूर वेगळे दिसतात का, ते तिला पाहायचं होतं.