गिअरबॉक्समधला भुसा

कल्याणात आमच्या ह्यांना ‘भुसावाला’ म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण मला कान आहेत. जुन्या गाडीच्या गिअरबॉक्सचे दाते झिजले की ती चालताना कण्हायला लागते. मग खोटी माणसं ऑइलात लाकडाचा बारीक भुसा कालवतात. थोडे दिवस आवाज दबतो, गिऱ्हाईक खूश होऊन गाडी नेतं आणि पुढे घाटाच्या चढणीला दाते तुटून गाडी मागे घसरते. असलं पाप ह्यांच्या नावावर आहे.

ह्यांचे आईबाप जुन्नरकडच्या खेड्यात पटकीनं गेले. काळुराममामांनी, म्हणजे ह्यांच्या आईच्या भावानं, पोराला कल्याणला आणलं, आपल्या गॅरेजात वाढवलं, हातात पाना दिला, पुढे माझ्याशी लग्नही लावून दिलं. मामा वाईट नव्हते. खरं आहे म्हणून म्हणते. नाहीतर त्यांचं कौतुक करायला माझी जीभ काही वळवळत नाही.

लढाई संपल्यावर मिलिटरीच्या गाड्या कँपातून लिलावात निघाल्या. मामांनी एक जुनी अँब्युलन्स घेतली आणि ठाण्याच्या नौपाड्यातल्या अण्णांना विकली. अण्णा कोर्टातून नुकते रिटायर झालेले. त्यांच्या बायकोचं, नीलाबाईंचं, कमरेखालचं अंग लुळं पडलेलं. त्यांना एकदा हर्णैला माहेरी जाऊन समुद्र बघायचा होता. एसटीत बसवेना, बोटीतून होडीत उतरवेना. म्हणून अण्णांनी त्या गाडीचं घरच करून घेतलं. आत खाट, स्टोव्हला फळी, पाण्याची टाकी आणि खाटेवरून बाहेरचं दिसेल अशी खिडकी. बायकोला एवढा जीव लावणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

निघायच्या आधी ऑइल बदलायला अण्णांनी गाडी गॅरेजात आणली. नीलाबाई आत खाटेवरच होत्या. मी ह्यांचा डबा घेऊन गेलेले, ती दारातच उभी. हे गाडीखाली शिरले, बोल्ट काढला. ऑइल धारेनं यायचं, ते पिठल्यासारखं थबथब पडलं. ह्यांनी बोटावर घेऊन चोळलं. गाडी विकली गेली त्या दिवसांत हे भिवंडीला कामावर होते, हे मला पक्कं माहीत आहे. आणि मामांना तर ते माझ्याहून पक्कं माहीत होतं.

वर फळीपलीकडे नीलाबाई काहीतरी गुणगुणत होत्या. नवं ऑइल भरून गप्प बसता आलं असतं. मामा डोळ्यांनी तेच सांगत होते. हे सरकत बाहेर आले. अण्णांनी विचारलं, काय झालं.

“भुसा आहे,” हे म्हणाले. “मी घातला. ही गाडी अशी न्यायची नाही.”

मामांनी मान खाली घातली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मोठ्या माणसांत मी काय बोलणार? अण्णांनी आधी ह्यांच्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. एक शिवी दिली नाही त्यांनी. दिली असती तर बरं झालं असतं.

ह्यांनी गिअरबॉक्स उतरवला, रॉकेलात धुतला. कँपात तसलीच एक गाडी मोडीत पडलेली, तिच्यातले चांगले गिअर आणि बेअरिंगं शोधून बसवली. मागचा डिफरन्शियल उघडून बघितला, शाफ्टचे सांधे आवळले. गिअर जुनेच, आवाज दाबायला आता भुसाही नाही, म्हणून गाडी थोडी कण्हतच राहिली. अण्णा कशेडीचा घाट चढून-उतरून हर्णैला गेले आणि सुखरूप परत आले. नीलाबाईंनी समुद्र पाहिला. त्याचा आनंद मलाही झाला, खोटं कशाला बोलू.

आणि आमचं काय? गोष्ट नौपाड्यातून कल्याणात यायला वेळ लागला नाही. ‘त्याला हात लावू देऊ नका,’ असं सांगून गिऱ्हाइकं गाडी सोडायला लागली. मामांनी ह्यांना पार्ट धुवायला बसवलं. मी एकदा पदर खोचून मामांसमोर उभी राहिले, म्हटलं, खरं काय ते चारचौघांत सांगा. मामा म्हणाले, माझ्या पोरींच्या सासरी कळेल गं. आणि रडले. रडणाऱ्या म्हाताऱ्याशी भांडायचं तरी कसं?

मामा सत्तावन्न साली वारले. बोलतील, बोलतील म्हणून शेवटच्या श्वासापर्यंत मी उशाशी बसले होते. तेराव्याला अण्णा आले, फोटोला हात जोडले आणि ह्यांना म्हणाले, “देवमाणूस हो. तुम्ही एवढं करूनही तुम्हाला घराबाहेर काढलं नाही.”

“खरं आहे,” हे म्हणाले.

मी तोंड उघडलं होतं. ह्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं, आणि मी ते मिटलं. घरी येऊन मात्र खूप भांडले. जन्मभर भुसावाला म्हणूनच राहायचं का, असं विचारलं. हे चपलेचा अंगठा चाचपत म्हणाले,

“मला कोणी नव्हतं, मालन. त्या माणसानं मला मुलगा म्हटलं. मुलगा बापाचं सांगतो का?”

आता मामा नाहीत, अण्णा नाहीत, आणि गेल्या माघात हेही गेले. मामांच्या पोरींनाही नातवंडं झाली. आम्हा बायकांत नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नाही. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं, तेवढंच. आज दुसऱ्यांदा घेते, आणि मोठ्यानं घेते.

दौलतनं भुसा घातला नव्हता.