कॅलिपरला जस्ताचा मुलामा

अक्का माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. लहानपणी पोलिओनं तिचा डावा पाय लुळा पडला. तेव्हापासून ती कॅलिपर घालून चालते. पायाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या, त्यांना चामड्याचे पट्टे आणि उभं राहताना गुडघा ताठ धरायला एक खटका. आईवडील गेल्यावर भालकीच्या घरात आम्ही दोघंच उरलो. मी मराठी शाळेत विज्ञान शिकवतो, ती जवळच्या अंगणवाडीत कामाला जाते.

दोन वर्षांमागं त्या पट्ट्या गंजायला लागल्या. साडीवर आतून तांबूस डाग उमटायचे. अक्का लिंबू चोळून ते काढायची. नवा कॅलिपर घेऊ म्हटलं की म्हणायची, हाच पायाला बसलाय.

अशात मी मोबाइलवर घरच्या घरी जस्ताचा मुलामा देण्याचा व्हिडिओ पाहिला. त्यातला बोल्ट आरशासारखा लखलखीत निघाला होता. मला राहवलं नाही. उसाला घालायचं झिंक सल्फेट खताच्या दुकानात मिळालं, जस्ताचा पत्रा भंगारात. बोअरच्या उरलेल्या पाइपचा तुकडा उभा चिरला, टोकं बंद करून त्याची पन्हळ केली. शनिवारी दुपारी अक्काकडून कॅलिपर मागून घेतला आणि उद्या संध्याकाळी परत देतो म्हणालो.

रविवारी गच्चीवर पन्हळीत झिंक सल्फेटचं पाणी केलं, चामड्यातून सोडवलेल्या पट्ट्या त्यात बुडवल्या आणि बारा व्होल्ट सोडले. भराभर बुडबुडे आले. मला वाटलं, काम जोरात चाललंय. बाहेर काढलं तर पट्टी राखेसारखी काळी, बोट लावलं की भुकटी सुटायची. घासून पुन्हा केलं, पुन्हा तेच. सोमवारी सगळं गच्चीवर तसंच सोडून शाळेत गेलो. राहिलेलं संध्याकाळी करू, एवढाच विचार डोक्यात होता.

परत आलो तेव्हा अक्का उंबऱ्याजवळ बसलेली. हातांवर सरकत तिथवर आली होती, कोपरं खरचटलेली. अंगणवाडीला जाता आलं नव्हतं. पाणी प्याली का म्हणून विचारलं, तर नाही म्हणून मान हलवली. मोरी परसात होती. लघवीला तिथवर सरकत जावं लागेल म्हणून तिनं सकाळपासून पाणीच टाळलं होतं.

मी तिथंच खाली बसलो. काळ्या तर काळ्या, आत्ता पट्ट्या जोडून देतो म्हणालो.

"न्हाई," ती म्हणाली. "आता हात घातलायस तर नीट कर. पर उद्या शाळेला जाऊ नको. मी घरात एकटी ऱ्हायची न्हाई."

"मला चकाकी पायजे होती, अक्का. तुझं ध्यानातच आलं न्हाई."

"म्हाईत हाय," ती म्हणाली आणि पाण्यासाठी हात पुढं केला.

मंगळवारी रजा टाकली. आमच्या मागं एक म्हातारे मामा राहतात. हैदराबादेत त्यांनी उमेदीची वर्षं मुलामा देण्याच्या कारखान्यात काढली. त्यांना बोलावलं. त्यांनी पट्टी उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "एवढी घाई कामून केलात गुरुजी?" करंट जास्त झाला की जस्त जळून बसतं, असं त्यांनी समजावलं. मग पट्टी धुण्याच्या सोड्यानं इतकी घासायला लावली की पाणी थेंब न धरता सलग पसरलं. पन्हळीत थोडा व्हिनेगर आणि दोन मुठी साखर टाकली. जस्ताचे पत्रे दोन्ही बाजूंना लावले, करंट अगदी कमी केला आणि मला काडीनं पाणी हलवत बसवलं. अक्काही तिथंच बसली होती. मामांनी तिला कारखान्यातल्या गोष्टी सांगितल्या. ती किती दिवसांनी इतकी हसली असेल, मला आठवत नाही.

दुपारी पट्ट्या काढल्या, धुतल्या आणि खायच्या सोड्यानं हलक्या हातानं चोळल्या. आरसा काही झाला नव्हता, पण नव्या स्टीलच्या ताटासारखा उजेड त्यांच्यावर आला होता.

जोडणी झाल्यावर अक्का अंगणात दोन फेऱ्या चालली. मामा वाकून बघत होते. गुडघ्यामागं थोडी जागा मळकट राहिली, पुन्हा बुडवावी लागेल, असं ते म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या मामा," अक्का म्हणाली. "तिकडं कोण बघायलंय? मी चहा टाकते."

आणि खटका लावून ती स्वयंपाकघरात गेली.