न तपासता मिळालेला 'पास'

तुमच्या गाडीचं धुराचं प्रमाणपत्र काढलं, तेव्हा तपासणीची नळी सायलेन्सरमध्ये खरंच घातली होती का?

आमच्या जुन्या डिझेल गाडीत घातली नव्हती. अमरावतीच्या रस्त्यावरच्या टपरीतल्या माणसाने नंबरप्लेटचा फोटो काढला आणि 'पास' छापलेला कागद माझ्या हातात दिला. धूर तेव्हाही थोडा होताच. पण दोन मिनिटांत काम झालं म्हणून मी खूश झाले. कॉलेजात स्वच्छ हवेची पत्रकं वाटणारी मी. त्या खुशीची मला आजही किळस येते.

त्याच गाडीतून बाबा दर्यापूरहून अकोल्याला फुलं नेतात. दसऱ्याच्या आठवडाभर आधी ती काळाकुट्ट धूर ओकू लागली. पुलाच्या चढावर तर रांगायचीच. मागचे दुचाकीवाले तोंडाला रुमाल लावून शिव्या घालायचे. गावातल्या मेकॅनिकने सांगितलं, इंजिन उतरवावं लागेल, पंधरा दिवस लागतील. इकडे झेंडू तोडणीला आला होता. दसरा उलटल्यावर तो कोण घेणार?

शेवटी अकोल्याच्या जुन्या शहरात एका म्हाताऱ्या चाचांच्या गॅरेजमध्ये गेलो. त्यांनी कागद मागितला. माझ्या हाताला ते प्रमाणपत्रच लागलं. बाबांनी ॲक्सिलरेटर दाबला. चाचांनी कागद धुरासमोर धरला, मग त्यावरून बोट फिरवलं.

"तेल नाही, सुकी काजळी आहे. इंजन ठीक आहे भाऊ. हवाच भेटून नाही राहिली तिले."

त्यांनी एअर फिल्टरचा डबा उघडला. फिल्टरभोवती आईच्या जुन्या साडीचं फडकं गुंडाळलेलं, कापसाच्या तंतूंनी आणि काळ्या धुळीने गच्च भरलेलं.

"हे काहून बांधलं?"

"कापसाच्या दिवसात लई धूळ उडते," बाबा पुटपुटले. "म्हटलं फिल्टर वाचंल."

"नाक दाबता अन् वरून पळ म्हणता बिचारीले."

बाबा ओशाळून हसले. मला हसू आलं नाही. ते फडकं हिवाळ्यातलं, प्रमाणपत्र उन्हाळ्यातलं. नळी घातली असती तर तेव्हाच कळलं असतं. तेवढे महिने आमची काजळी लोकांच्या छातीत गेली, आणि माझ्याकडे 'पास'चा कागद होता.

नवा फिल्टर बसला, गाडी पूल चढली, झेंडू वेळेत पोचला. मग मी गाडी घेऊन पुन्हा त्या टपरीवर गेले आणि नळी घालून तपासायला सांगितलं.

"ताई, सगळे असेच नेतात," तो म्हणाला.

मी हलले नाही. शेवटी त्याने कोपऱ्यातली नळी काढली. तिच्यावर कोळ्याचं जाळं होतं.

पुढच्या वेळी तुम्हीही तिथून हलू नका. नळी सायलेन्सरमध्ये जाईपर्यंत कागद हातात घेऊ नका.