मामांचं त्रिनिदाद

जगातली कुठलीही गोष्ट शेवटी त्रिनिदादला नेऊन सोडणारा माणूस नाशिक जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेल्या मामांनी परदेश सोडाच, सुरगाण्यापलीकडचा गुजरातही पाहिलेला नाही. पण कधीतरी रद्दीत मिळालेलं एक जाडजूड पुस्तक वाचून, त्या कॅरिबियन बेटावरचे उसाचे मळे कसे बुडाले आणि त्याच जमिनीवर तेल शुद्ध करायचे कारखाने कसे उभे राहिले, हे ते स्वतः मोजणीला हजर असल्यासारखं सांगत. एकदा पंचवटीत दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. सगळे माना वर करून बसलेले, आणि हे गुरुजींना सांगतायत, "मळेवाल्याच्या बंगल्यात कंपनीचा साहेब राहायला आला, गुरुजी! काल ऊस तोडणारा गडी आज भट्टीवर!" कावळा ताबडतोब शिवला. त्यालाही ऐकवलं नसणार, असं बायकोचं मत.

यंदा मामांच्याच गोदाकाठच्या उसाच्या तुकड्यावर एका कंपनीला डिझेलच्या टाक्या उभारायच्या होत्या. मुलं विकायला उतावीळ. आम्हाला वाटलं, त्रिनिदाद दारात आलं म्हणून मामा नाचतील. मामांनी उलट शेतात गुऱ्हाळ लावलं. मोजणीवाले आले तेव्हा ते चालूच होतं, आणि गुऱ्हाळावर आलेला माणूस रस प्यायल्याशिवाय जाऊ द्यायचा नाही, ही तिकडची रीत. मामांनी आग्रह करकरून त्यांना इतका रस पाजला, की दुपारी मोजणी आंब्याखाली घोरत पडली.

"आप्पा, त्यांना काम करू द्या की!" थोरला मुलगा करवादला.

"रस नासतो रे. जमीन कुठं पळत नाय."

मी हळूच विचारलं, "मामा, त्रिनिदादच्या ऊसवाल्यांचं पुढं काय झालं?"

"कारखान्याचं सगळं लिहिलंय, जावईबापू. त्यांचं काहीच नाय. म्हणून तर परत परत वाचतो."

मुलांपुढे कुणाचं चाललंय! सही झाली. मामा आता नाशिकरोडला थोरल्याच्या फ्लॅटवर असतात. गच्चीत डिझेलचं एक पिंप अर्धं कापून त्यांनी त्यात ऊस लावलाय. कुणीही आलं की कांडं मोडून हातात देतात, "घ्या, मळ्यातला आहे." गच्चीवरच्या उसाला गोडी कुठून असणार! तरी मी मुकाट चावतो आणि वाट बघतो. मामा त्रिनिदादचं नावसुद्धा काढत नाहीत. खरं सांगतो, फार चुकल्याचुकल्यासारखं होतं.