अर्बाबचं चकमकीचं पिस्तूल

नव्वदच्या दशकात मी ओमानमधल्या इब्राच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, एका हार्डवेअरच्या दुकानात कामाला होतो. गाव रत्नागिरीकडचं. बागेतली वानरं, डुकरं हाकायला अब्बांकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती, हे एकदा बोलण्यात आलं आणि अर्बाब, म्हणजे दुकानाचा मालक, मला घरीच घेऊन गेला. त्याच्या वडिलांचं चकमकीचं पिस्तूल त्याने फडक्यातून काढलं. मुठीला चांदी, नळी वीतभर.

"याची निगा राखायला जोडीदार हवा होता," तो हिंदीत म्हणाला.

तेव्हापासून गुरुवारी दुपारनंतर आम्ही बसायचो. बार उडाला की नळीत काजळी चिकटते, हवेतला ओलावा ओढून घेते आणि लोखंड खाते. म्हणून आधी कढत पाणी, मग गजाला गुंडाळलेली चिंधी स्वच्छ निघेपर्यंत घासायचं, शेवटी तेल. मला वेड मात्र आवाजाचं. गावाबाहेरच्या कोरड्या नदीत बार काढला की डोंगर उलटा ओरडायचा, गंधकाचा धूर नाकात शिरायचा आणि दुकानात गिळलेले सगळे अपमान छातीतून निघून जायचे.

एका ईदला अर्बाबचा धाकटा भाऊ मस्कतहून आला. वडील गेल्यापासून पिस्तूल कुणाचं, यावरून दोघांत धुसफूस होतीच. जेवणं झाल्यावर भावाने ते अंगणात आणलं, दारू ठासली, गोळी घातली.

"थांबा, आत तेल आहे," मी म्हणालो. "आधी कोरडं पुसायला हवं."

त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"ठेव ते खाली," अर्बाब म्हणाला.

"बाप तुझ्या एकट्याचा होता?"

"तो अंथरुणाला खिळला तेव्हा तू कुठे होतास?"

पिस्तुलाची मूठ अर्बाबच्या तोंडावर बसली. दात तुटल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. पांढऱ्या पायघोळ दिशदाशावर रक्ताची धार लागली. तरी त्याने भावाचा गळा पकडला. भावाने लाथ घालून त्याला पाडलं, नळी कपाळावर रोखली आणि चाप ओढला.

ठिणगी पडली. चापाजवळच्या खळगीतली वरची दारू फुर्रकन जळाली, पण बार झाला नाही. तेलाने ओलावलेली आतली दारू लगेच पेटली नव्हती. भाऊ हातातल्या पिस्तुलाकडे बघत राहिला. आपण काय केलं, हे त्याला तेव्हा कळलं असावं. त्याचा हात खाली आला.

"लांब धरा!" मी ओरडलो, आणि आत धुमसणारा बार उडाला.

गोळी त्याच्याच मांडीत घुसली. कपड्याने पेट घेतला. तो किंचाळत मातीत लोळू लागला. मी हातांनीच आग दाबली, माझे तळवे सोलून निघाले. अर्बाब रांगत आला, डोक्याचं मुंडासं सोडून त्याने भावाची मांडी आवळली. त्याच्या तोंडातलं रक्त भावाच्या छातीवर गळत होतं.

"यल्ला, लवकर गाडी काढ!" तो माझ्यावर ओरडला.

भाऊ वाचला, पण एक पाय आखूड झाला. इस्पितळात आलेल्या पोलिसांना अर्बाबने सुजलेल्या तोंडाने सांगितलं, ईदचा बार काढताना अपघात झाला. पलंगावरच्या भावाने तोंड भिंतीकडे फिरवलं आणि तो रडू लागला. पोलीस पिस्तूल घेऊन गेले.

काही महिन्यांनी ते परत न्यायचा निरोप आला. अर्बाबने मला विचारलं, "आणू?"

मी नको म्हणालो. डोंगरातून परतणारा तो आवाज मला अजूनही हवासा वाटत होता, म्हणूनच नको म्हणालो.

"खलास," तो म्हणाला, आणि ते आणायला कुणीच गेलं नाही.