पहिल्या बायकोचे तीन आरसे

पडदे शिवण्यात त्यांची सगळी हयात गेली. आसपासच्या गल्ल्यांत त्यांना पडदेवाल्या काकू म्हणूनच ओळखत. चुण्या कुठे दाट घ्यायच्या, अस्तर कुठल्या कापडाला लावायचं, यात त्यांचा हात कुणी धरत नसे. पण स्वतःच्या संसारात त्या दुसऱ्या होत्या आणि ते त्यांना कधी विसरता आलं नाही.

नवऱ्याची पहिली बायको लग्नानंतर थोड्याच काळात आजारपणात गेलेली. घरात तिचं नाव कुणी काढत नसे. काकूंची खरी पंचाईत तीच होती. सवत जिवंत असती तर चार शब्द सुनावून मोकळं होता आलं असतं. ही मात्र वस्तूंच्या रूपानं घरभर पसरलेली. फुलांच्या नक्षीच्या कपबशा, वेताची खुर्ची आणि झोपायच्या खोलीतलं ते तीन आरशांचं टेबल. नवरा पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात नकाशे काढायचा. मुलखाचा अबोल माणूस, पण दर रविवारी तो ओल्या कागदानं ते आरसे स्वतः पुसायचा. नव्या नवरीच्या उत्साहात काकूंनी त्या टेबलासाठी झालरीचं झाकण शिवलं होतं. संध्याकाळी ते नीट घडी घालून त्यांच्याच कपाटात ठेवलेलं सापडलं. त्यानं कारण सांगितलं नाही, यांनी विचारलं नाही. त्यानंतर काकूंनी त्या आरशात कधी केस विंचरले नाहीत. बेसिनवरच्या वीतभर आरशावर भागवलं.

नवरा गेला, गुडघ्यांनी दगा दिला आणि लेकीनं आपल्या घराजवळ तळमजल्यावर दोन खोल्या बघितल्या. सगळं सामान तिथं मावणार नव्हतं. लेकीनं मोबाइलवर फोटो टाकले, आणि बघायला माणसं येऊ लागली.

इथेही पहिलीनंच बाजी मारली. वेताची खुर्ची नेणारी बाई म्हणाली, "काय सुंदर आवड आहे हो तुमची."

"माझी नाही," काकू म्हणाल्या.

कपबशा तर बघता बघता गेल्या. काकूंनी शिलाईच्या कमाईतून घेतलेलं लोखंडी कपाट मात्र कुणी उघडूनही पाहिलं नाही. जुन्या सामानाच्या व्यापाऱ्यानं त्यावर एकदा टकटक केलं आणि तो पुढे आरशांपाशी जाऊन थांबला.

"हे देता?"

"कपाटासकट देते."

"काकू, कपाट ठेवायला माझ्याकडे जागा नाही. टेबल मात्र लगेच जाईल. आरसे सुटे काढले तर आणखी लवकर."

आरसे सुटे होणार, तीन घरांत तीन तुकडे जाणार, हे ऐकून काकूंना इतकं बरं वाटलं की कपाटाचा हट्ट त्यांनी तिथंच सोडला. "उद्याच न्या," त्या म्हणाल्या.

लेक गालात हसली. "आई, जी बाई तू पाहिलीही नाहीस, तिच्याशी किती वर्षं भांडणार आहेस?"

त्याच संध्याकाळी दारात एक पांढऱ्या केसांची बाई उभी राहिली. पहिलीची धाकटी बहीण. सुनेच्या मोबाइलवर टेबलाचा फोटो पाहून आली होती. आत येऊन ती थेट आरशांसमोर गेली.

"ताई, हे मला द्याल?" तिनं विचारलं.

ताई म्हटलेलं काकूंना झोंबलं. "व्यापाऱ्याला शब्द दिलाय," त्या म्हणाल्या. "आणि तुमच्या बहिणीचं इतकं लाडकं टेबल तुम्हाला पेलवेल का?"

"लाडकं?" बहीण वळली. "शेवटी शेवटी तिला ते नजरेसमोर नको झालं होतं. केस गेले, चेहरा ओळखू येईना. चादर टाकून ठेवायला लावायची. भाऊजी म्हणायचे, बरी झालीस की ही चादर मी माझ्या हातानं काढीन."

काकू पलंगाच्या कडेला बसल्या. झालरीच्या झाकणाची घडी का घातली गेली, ते इतक्या वर्षांनी उमगलं. नवऱ्याला झाकलेला आरसा सोसत नव्हता, एवढंच. आपला त्यात अपमान नव्हताच. एका वाक्यात सांगता आलं असतं त्याला.

मन निवळू लागलं होतं. तेवढ्यात बहीण सहज म्हणाली, "त्याआधी मात्र भाऊजी किती हसवायचे. दाढी करताना या आरशात बघून गात असायचे. आवाज बेसूर, पण थांबायचे नाहीत."

"कोण गायचं?"

"भाऊजी. तुमच्याकडे नाही गायचे?"

टेबलाचा, खुर्चीचा, कपबशांचा इतकी वर्षं केलेला हेवा त्यांना फुकट गेल्यासारखा वाटला. हेवा करण्यासारखी गोष्ट वेगळीच होती आणि ती कुठल्याही फोटोत आली नव्हती. एक गाणारा माणूस पहिलीच्या वाट्याला आला आणि तो गाऊन संपल्यावर यांच्या वाट्याला उरला.

टेबल त्यांनी बहिणीलाच दिलं, तिन्ही आरशांसकट. व्यापाऱ्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं. तो कुरकुरला. लोखंडी कपाट लेकीनं स्वतःच्या घरी नेलं.

नव्या जागेत बस्तान बसल्यावर काकू बहिणीकडे गेल्या. तिच्या खिडकीसाठी पडदे शिवून देते, असं निमित्त काढलं. माप घेता घेता विचारलं, "कुठली गाणी म्हणायचे?" बहिणीनं एक गुणगुणून दाखवलं. घरी येईपर्यंत काकूंचा जीव नुसता जळत होता. रात्री जेवण गेलं नाही. तरी पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा गेल्या आणि मग जातच राहिल्या. पडदे केव्हाच लावून झाले होते.

"त्रास होतो तर जातेस कशाला?" लेकीनं एकदा विचारलं.

काकू पायात चपला सरकवत होत्या. "हसायचे कसे, ते परवा सांगायचं राहिलंय तिचं," त्या म्हणाल्या, आणि निघाल्या.